अपघात फुकुशिमात, पडसाद माडबनात

मार्च २०२५ मध्ये रायपुरात भरलेल्या ऊर्जा गुंतवणूकदारांच्या परिषदेत एनटीपीसीने छत्तीसगडमध्ये ४,२०० मेगावॉटचा अणुवीज प्रकल्प उभारण्याचा मनोदय जाहीर केला. कोरब्याच्या कोळशावर दिवे लावणाऱ्या या राज्यात अणुभट्टीचा विषय आता घराजवळ आला आहे. दुर्गमधले मोहन नगर काय किंवा एकंदर दुर्ग-भिलाई पट्टा काय, कारखान्यातला अपघात म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. जून २०१४ मध्ये भिलाई पोलाद कारखान्यात वायुगळती होऊन सहा जण दगावले. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हनच्या वायुवाहिनीत स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे गेली. कुटुंबे उघडी पडली, चौकशा झाल्या. पण दोन्ही वेळा अपघात कारखान्याच्या आवारातच राहिला. एकही मोहल्ला कायमचा उठवावा लागला नाही आणि दिल्लीतल्या सरकारच्या धोरणात काडीचाही फरक पडला नाही. अणुभट्टीचा अपघात इथेच वेगळा पडतो. तो कुंपण ओलांडतो, गाव उठवतो आणि ज्या देशात तो घडलाही नाही तिथली सरकारेही हलवतो.

या प्रश्नावर चार दशकांत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्याचा बराचसा भाग अणुवीज हवी की नको या एकाच वादात खर्ची पडला आहे. अपघातानंतर समाजाचे आणि सत्तेचे नेमके काय होते, हा प्रश्न त्यात बाजूला राहतो. पुराव्यांवरून माझे मत असे झाले आहे की राष्ट्राचे राजकारण अपघाताने काही वर्षे वळते आणि मग बहुतेक ठिकाणी पुन्हा जुन्या वाटेला लागते. गाव मात्र पूर्वीसारखे होत नाही. दोन्हींची किती मोडतोड व्हायची ते किरणोत्सर्गाच्या मात्रेवर जेवढे ठरते, जवळपास तेवढेच अपघाताच्या आधी निर्णय कोणी, कसे आणि कोणाला विचारून घेतले यावरही ठरते.

तीन अपघातांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड इथे २८ मार्च १९७९ रोजी दुसऱ्या भट्टीचा गाभा अंशतः वितळला. बाहेर पडलेला किरणोत्सर्ग अल्प होता. पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी निघून जावे एवढाच सल्ला गव्हर्नरांनी दिला होता, तरी लाखाहून अधिक लोक आपणहून घरे सोडून गेले. अधिकृत माहिती उशिरा आली, तुटक आली आणि परस्परविरोधी आली. ती ऐकूनच लोक निघाले. पुढच्या प्रत्येक अपघातात हेच पुन्हा दिसले.

चेर्नोबिलची चौथी भट्टी २६ एप्रिल १९८६ रोजी फुटली. प्रिप्यात हे जवळपास पन्नास हजार वस्तीचे कामगारांचे शहर दुसऱ्या दिवशी दुपारी बसगाड्यांत भरून रिकामे केले गेले; तोवर मुले रस्त्यावर खेळत होती. त्या वर्षात सुमारे १ लाख १६ हजार माणसे हलवली गेली आणि नंतरच्या वर्षांत आणखी दोन लाखांवर. काही वृद्ध बंदी मोडून आपल्या घरांत परतले आणि तिथेच राहिले.

फुकुशिमा दायइची इथे ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला, त्सुनामी आली आणि वीज गेली. तीन भट्ट्यांचे गाभे वितळले आणि दीड लाखाहून अधिक लोक विस्थापित झाले. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये हा अपघात मानवनिर्मित असल्याचा स्पष्ट निष्कर्ष काढला. नियामक, सरकार आणि कंपनी एकमेकांच्या इतके जवळ होते की कोणी कोणाला जाब विचारत नव्हते.

गावाचे काय होते

फुकुशिमाच्या अनुभवाकडे बारकाईने पाहावे लागते, कारण त्याची नोंद सर्वांत सविस्तर झाली आहे. इइताते हे गाव प्रकल्पापासून तीस किलोमीटरच्या वर्तुळाच्या जवळजवळ बाहेर होते, म्हणून सुरुवातीला ते सुरक्षित मानले गेले. वारा वायव्येला वाहत होता आणि किरणोत्सर्गी कण नेमके तिकडे उतरले. गाव रिकामे करण्याचा आदेश निघाला २२ एप्रिलला, म्हणजे अपघाताला महिना उलटून गेल्यावर. नामिए गावचे लोक तर जीव वाचवायला ज्या त्सुशिमा भागात गेले, त्याच वाटेवर कण पडत होते. कण कुठे जातील याचा अंदाज बांधणारी सरकारी यंत्रणा चालू होती, पण तिचे निष्कर्ष या लोकांपर्यंत वेळेवर पोचलेच नाहीत. नकाशावर कंपासने काढलेले वर्तुळ एकीकडे आणि प्रत्यक्ष वारा दुसरीकडे, या तफावतीची किंमत गावांनी दिली.

मग आली नुकसानभरपाई. तोमिओका शहरातल्या योनोमोरी भागात चेरीच्या झाडांची दुतर्फा रांग आहे. वसंतात लोक लांबून ती पाहायला येत. २०१३ मध्ये क्षेत्रांची फेरआखणी झाली तेव्हा सीमा एका रस्त्यावरून गेली. रस्त्याच्या एका अंगाला परत येणे दीर्घकाळ अशक्य असे क्षेत्र, दुसऱ्या अंगाला निर्बंधित पण दिवसा जाता येईल असे क्षेत्र. मधे कुंपण. समोरासमोरच्या घरांत किरणोत्सर्गाचा फारसा फरक नसेल, पण मिळणाऱ्या पैशांत होता. आदेशाने बाहेर पडलेल्यांना मनस्तापापोटी दरमहा माणशी एक लाख येन मिळत होते. भीतीने आपणहून निघालेल्या आयांना त्याच्या तुलनेत नाममात्र. एका कुटुंबात आई मुलांना घेऊन दूरच्या शहरात आणि बाप नोकरीसाठी फुकुशिमातच, अशी ताटातूट झाली. परत जाणाऱ्यांत म्हातारी माणसे जास्त आणि तरुण कुटुंबे कमी, त्यामुळे शाळा उघडल्या तरी वर्ग भरेनात.

या माहितीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराच्या हालअपेष्टांशी जोडलेले मृत्यू २,३०० हून अधिक नोंदले गेले. प्रांतात त्सुनामीने थेट घेतलेल्या बळींहूनही हा आकडा मोठा आहे. एका रुग्णालयातून घाईघाईने हलवलेल्या वृद्ध रुग्णांपैकीच चाळीसहून अधिक दगावले. यावरून अणुविजेचे समर्थक म्हणतात की माणसे मारली ती भीतीने, किरणोत्सर्गाने नव्हे, आणि म्हणून भीती पसरवणारेच दोषी. युक्तिवादाचा पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा टिकत नाही. ती माणसे अफवेने हलली नव्हती, शासनाच्या आदेशाने हलली होती. आणि आदेश घाईचा ठरला, कारण अपघात होऊच शकत नाही असे गृहीत धरल्यामुळे स्थलांतराची खरी तयारी कधी केलीच गेली नव्हती. अपघात अशक्य मानण्याची सवय हीसुद्धा अपघाताची एक कारणशक्ती आहे.

सत्तेचे काय होते

राजकारणावरचा परिणाम देशागणिक इतका वेगळा आहे की एकच सूत्र लावता येत नाही. सोव्हिएत युक्रेनमध्ये आणि लिथुआनियात अणुप्रकल्पांविरुद्धची पर्यावरण चळवळ हाच राष्ट्रवादी चळवळीला मिळालेला पहिला कायदेशीर आडोसा ठरला. खुद्द गोर्बाचेव्ह यांनी २००६ मध्ये लिहिले की सोव्हिएत संघ कोसळण्याचे खरे कारण कदाचित चेर्नोबिल असावे. हे विधान अतिशयोक्त असेल, पण लपवाछपवी उघडी पडल्यावर राजवटीवरचा विश्वास गेला याचे ते प्रांजळ वर्णन आहे. इटलीत १९८७ च्या सार्वमताने अणुवीज बंद झाली आणि २०११ च्या सार्वमताने ती परत आणण्याचा प्रयत्नही फेटाळला गेला. जर्मनीत फुकुशिमानंतर दोनच आठवड्यांनी बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या निवडणुकीने ग्रीन पक्षाच्या नेतृत्वाखालची आघाडी सत्तेवर आणली. काही महिन्यांपूर्वी भट्ट्यांचे आयुष्य वाढवणाऱ्या मर्केल सरकारने त्या बंद करण्याचा कायदा केला आणि शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी थांबल्या.

फुकुशिमाचा अपघात ज्या देशात झाला तिथले चित्र उलट आहे. जपानमधल्या चोपन्न भट्ट्या एकेक करून थांबल्या, पंतप्रधान नाओतो कान यांना काही महिन्यांत पद सोडावे लागले, रस्त्यांवर लाखोंचे मोर्चे निघाले. पण डिसेंबर २०१२ च्या निवडणुकीत अणुविजेला अनुकूल असलेला लिबरल डेमोक्रॅटिक पक्षच सत्तेवर परतला. ऑगस्ट २०१५ मध्ये सेन्दाईची भट्टी पुन्हा सुरू झाली, आणि पुढे सरकारच्या धोरणातून अणुविजेवरचे अवलंबित्व शक्य तितके कमी करण्याची भाषाही गेली. टिकून राहिली ती एक गोष्ट: २०१२ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र नियामक. मोर्चे ओसरले, मंत्री बदलले, पण या नियामकाने भट्टीला परवानगी नाकारण्याचे धैर्यही दाखवले. राजकीय लाटेतून उरणारे खरे फळ म्हणजे संस्था, असे मला यावरून वाटते.

भारत: अपघाताविना आलेला बदल

आपल्याकडे अणुवीज केंद्रातून वस्तीपर्यंत किरणोत्सर्ग पोचलेला मोठा अपघात झालेला नाही, आणि ही गोष्ट निःसंकोच मान्य करायला हवी. ३१ मार्च १९९३ रोजी नरोऱ्याच्या जनित्रगृहाला मोठी आग लागून प्रकल्पाची वीज तासन्‌तास गेली होती. कर्मचाऱ्यांच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला. काक्रापारमध्ये शीतकाची गळती झाली ती ११ मार्च २०१६ रोजी, फुकुशिमाच्या बरोबर पाचव्या स्मरणदिनी. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एका विद्यापीठाने मोडीत काढलेल्या यंत्रातले कोबाल्ट उघडे पडून एक जण मेला. ती घटना भट्टीची नव्हती, पण किरणोत्सर्गी वस्तूंवरची आपली देखरेख किती ढिली आहे ते दाखवून गेली.

तरीही भारताचे अणुधोरण दोन अपघातांनी घडवले आहे, आणि दोन्ही वेगळ्या जातीचे आहेत. पहिला भोपाळच्या वायुगळतीचा. जून २०१० मध्ये भोपाळ खटल्यात अत्यंत सौम्य शिक्षा झाल्या आणि देशभर संताप उसळला. त्याच वेळी अणुदायित्व विधेयक संसदेत होते. ऑगस्टमध्ये ते मंजूर होताना त्यात पुरवठादार कंपनीकडून भरपाई वसूल करण्याची तरतूद बळकट झाली आणि प्रकल्पचालकाची मर्यादा १,५०० कोटी ठरली. पुढची पंधरा वर्षे विदेशी कंपन्या याच तरतुदीपाशी अडून राहिल्या. दुसरा अपघात फुकुशिमाचा. पश्चिम बंगालने हरिपूरचा प्रकल्प नाकारला. कूडनकुळममध्ये इडिन्तकरैच्या कोळ्यांचे आंदोलन पेटले, हजारोंवर राजद्रोहाचे गुन्हे दाखल झाले. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०११ मध्ये काम थांबवण्याचा ठराव केला आणि पोटनिवडणूक आटोपताच मार्च २०१२ मध्ये तो मागे घेतला. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाला मुभा दिली. स्वतंत्र नियामकासाठी सप्टेंबर २०११ मध्ये आणलेले विधेयक मात्र लोकसभेबरोबर २०१४ मध्ये बारगळले.

जैतापूर

मराठी वाचकासाठी या सगळ्याचा सर्वांत जवळचा दाखला राजापूर तालुक्यात आहे. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि वरिलवाडा या गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन जैतापूर प्रकल्पासाठी घेतली गेली. फ्रेंच बनावटीच्या प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट: जगातल्या सर्वांत मोठ्या अणुवीज केंद्राची ही कल्पना होती. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने ३५ अटींसह मंजुरी दिली आणि सुमारे आठवड्याने, फ्रान्सचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष सार्कोझी भारतात असताना, करार झाला. मंजुरी आणि पाहुण्यांचे आगमन यांतले हे अंतर गावकऱ्यांच्या नजरेतून सुटले नाही.

इथे एक समज तपासून घेतला पाहिजे. जैतापूरचा विरोध फुकुशिमाने जन्माला घातला, बाहेरच्यांनी भीती घालून गावे भडकवली, असे वारंवार सांगितले जाते. कालक्रम तसे सांगत नाही. २०१० च्या सुरुवातीला भूसंपादनाचे कागद पूर्ण झाले तेव्हाच दोन हजारांहून अधिक खातेदारांतल्या बहुतेकांनी धनादेश घ्यायला नकार दिला होता. त्यांचे भांडण जमिनीवरून होते. सरकारी दप्तरी त्यातली बरीच जमीन पडीक होती. कोकणात ज्याला सडा म्हणतात तो जांभ्याचा कातळ परक्या डोळ्याला ओसाडच दिसतो. पण पावसाळ्यात त्याच्यावर गुरे चरतात, खोलगट भागात भात होतो, उतारावर हापूस आणि काजू लागतात. शिवाय एकेका सातबाऱ्यावर भावकीतली दहा-वीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. जमीन कोणाची आणि हो कोण म्हणणार, हा प्रश्न घराघरात शिरला.

फुकुशिमाने या भांडणाचा आवाका बदलला. साखरी नाटे इथल्या मच्छीमारांची जमीन जात नव्हती, म्हणून ते कागदोपत्री प्रकल्पग्रस्तच नव्हते. त्यांचे उत्पन्न समुद्रातून येते, आणि भट्टीचे गरम पाणी, सुरक्षेसाठी बंद होणारे पाणी, खाडीवरचा पहारा यांचा हिशेब कोणत्याही सातबाऱ्यावर मांडता येत नाही. जपानी किनाऱ्यावरच्या मासळीला गिऱ्हाईक नाही ही बातमी नाट्याच्या जेटीवर पोचली तेव्हा तिथे ती अफवा वाटली नाही. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे इथे पोलीस ठाण्यावर जमाव चालून गेला आणि पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मारला गेला. फुकुशिमानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, जिथे भट्टीचा पायाही खणला नव्हता तिथे, माणूस गेला.

राजकारणही लगोलग आले. शिवसेनेने विरोधाची बाजू घेतली, तेव्हाचे काँग्रेसचे मंत्री नारायण राणे प्रकल्पाच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, आणि पूर्वी केंद्रात अणुऊर्जेशी संबंधित राज्यमंत्रिपद सांभाळलेले पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते. २०१४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गात काँग्रेसचा पराभव झाला आणि शिवसेनेचे विनायक राऊत निवडून आले. त्याचे श्रेय एकट्या जैतापूरला देणे चूक होईल. ती देशभरातल्या लाटेची निवडणूक होती. दरम्यान २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांचा दर जाहीर झाला आणि बहुतेक खातेदारांनी हळूहळू धनादेश उचलले. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना वाटाघाटीची ताकद होती, म्हणून त्यांचा प्रश्न दरावर मिटला. ज्यांच्याकडे समुद्र होता त्यांचा प्रश्न होता तिथेच राहिला. योनोमोरीच्या रस्त्यावर सीमेने जे केले ते इथे अपघाताविनाच, भरपाईच्या व्याख्येने केले.

प्रकल्प रखडला तो मात्र आंदोलनाने कमी आणि पैशाने जास्त. याच बनावटीची फिनलंडमधली भट्टी २००५ मध्ये सुरू झालेल्या कामानंतर २०२३ मध्ये नियमित वीज देऊ लागली. फ्रान्समधली फ्लामानव्हिल डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. अरेव्हा कंपनीचा भट्टी-व्यवसाय ईडीएफकडे गेला, २०२१ मध्ये नवा प्रस्ताव आला, वाटाघाटी चालूच राहिल्या. आंदोलकांनी याला आपला विजय म्हणावे आणि सरकारने व्यावसायिक विलंब. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

तीन बाजू

आज या वादात तीन गंभीर भूमिका दिसतात. पहिली अणुशास्त्रज्ञ आणि ऊर्जा नियोजकांची. अनिल काकोडकरांसारखे लोक ती वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. देशाला चोवीस तास वीज हवी, कोळशाचा धूर दरवर्षी असंख्य बळी घेतो, आणि युनिटमागे मोजले तर अणुवीज सर्वांत सुरक्षित स्रोतांपैकी आहे. कोरब्याच्या राखेशेजारी राहणाऱ्याने हा युक्तिवाद हलक्यात घेऊ नये. दुसरी बाजू सरासरीलाच आक्षेप घेते: कोळशाचे नुकसान रोजचे आणि पसरलेले असते, अणुअपघाताचे एका भूभागावर, एका पिढीवर आणि कायमचे. तारापूरजवळची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे तर अपघाताविनाच, तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी उठली. तिसरी बाजू भट्टीपेक्षा तिच्यावरच्या देखरेखीबद्दल बोलते: नियामक अणुऊर्जा खात्याच्याच छायेत असेल तर उत्तम तंत्रज्ञानही विश्वासार्ह नाही. महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात नियामकाच्या अधिकारांवर कडक ताशेरे ओढले होते. मला ही तिसरी बाजू सर्वांत भक्कम वाटते, कारण जपानच्या आयोगाचाही निष्कर्ष तोच होता.

तिच्यावर आक्षेप असा की स्वतंत्र नियामक अमेरिकेतही होता, तरी थ्री माइल आयलंड घडलेच. खरे आहे. पण नियामकाकडून अपघात शून्यावर येण्याची अपेक्षा नसते. अपघातानंतर खरे बोलणारा कोणीतरी असावा, एवढी असते. त्या एका गोष्टीवर स्थलांतर सुरळीत होणार की जीवघेणे, हे ठरते.

अजून न सुटलेले

आरोग्याचा हिशेब वादात आहे. चेर्नोबिलबाबत २००५ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने सर्वाधिक मात्रा लागलेल्यांत अखेर चार हजारांपर्यंत मृत्यूंचा अंदाज केला. इतरांचे अंदाज कितीतरी पट मोठे आहेत. त्याच अहवालाने मानसिक आघात हा सर्वांत मोठा सार्वजनिक आरोग्यप्रश्न ठरवला. फुकुशिमात तपासणीतून तीनशेहून अधिक मुलांत थायरॉइडचा कर्करोग सापडला. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीच्या मते तो सूक्ष्म तपासणीचा परिणाम आहे, काही संशोधकांना ते पटत नाही.

दायित्वाचा प्रश्न तर नव्याने उघडला आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचे लक्ष्य जाहीर झाले, आणि वर्षअखेरीस संसदेने १९६२ आणि २०१० या दोन्ही कायद्यांची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. खासगी कंपन्यांना दार उघडले, नियामकाला वैधानिक दर्जा मिळाला, आणि पुरवठादाराकडून वसुलीची भोपाळनंतरची तरतूद मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. फुकुशिमातली भरपाई दहा लाख कोटी येनांच्या पुढे गेली आहे. १,५०० कोटी रुपयांची आपली जुनी मर्यादा तिच्या शेजारी ठेवली की उरलेला बोजा कोण उचलणार हे वेगळे सांगायला नको.

स्थलांतराचाही हिशेब कच्चा आहे. आपले आपत्कालीन नियोजन परंपरेने सोळा किलोमीटरच्या वर्तुळाचे आहे; इइतातेचा बहुतेक भाग त्याच्या दुप्पट अंतराहून दूर होता. तारापूरच्या वर्तुळात बोईसरची अख्खी औद्योगिक वसाहत येते, आणि तिथल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय कामगार कोणत्या यादीवर आहेत, हा प्रश्न नाट्याच्या मच्छीमारांच्या प्रश्नाचाच भाऊ आहे.

छत्तीसगडचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत येतो आणि तिथे ग्रामसभेला पेसा कायद्याचा आधार आहे. दुसरीकडे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखालचे संपादन संमती आणि सामाजिक परिणाम अभ्यासाच्या अटींबाहेर ठेवले होते. या दोहोंत वरचढ काय ठरते, हे जागा जाहीर होईल त्या दिवशी कळेल. म्हणून या राज्यातल्या वाचकाला विनंती एवढीच: प्रकल्पाला हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण वाऱ्याची दिशा धरून केलेला स्थलांतराचा आराखडा आणि बाधितांची पूर्ण यादी, जमीन नसलेल्यांसकट, आपल्या भाषेत ग्रामसभेपुढे मागा. ती मागणी अधिसूचना निघण्याआधी करा. माडबनात अधिसूचनेनंतर चर्चेला फक्त दर उरला होता.